पेढे वाटण्याआधी कागद बघा: उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी, आणि हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे आई-वडील

सप्रेम नमस्कार.

आपली मंडळं दरवर्षी कॉलेजप्रवेशाची मार्गदर्शन शिबिरं घेतात. त्यात सॅट असते, निबंध असतो, इंजिनिअरिंग आणि मेडिकल असतं. फुटबॉलमधून कॉलेजला जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या घरासाठी त्यात काहीच नसतं. अशी घरं थोडी आहेत, पण ती आता प्रत्येक मोठ्या मंडळात सापडतात. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शिबिराचे दोन तास या विषयाला द्यावेत, ही आमची विनंती आहे. ते का द्यावेत आणि त्यात काय सांगावं, ते इथे सविस्तर लिहितो आहोत. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा.

अडचण ‘शिष्यवृत्ती’ या शब्दापासूनच सुरू होते. आपल्या पिढीसाठी शिष्यवृत्ती म्हणजे चौथीची आणि सातवीची परीक्षा. नाव यादीत लागलं की लागलं, ते कुणी काढून घेत नसे. इथली क्रीडा-शिष्यवृत्ती हा कॉलेज आणि विद्यार्थी यांच्यातला करार असतो. त्याला तारीख असते, मुदत असते, अटी असतात आणि खाली सही असते. सही होईपर्यंत प्रशिक्षकाने उच्चारलेला ‘ऑफर’ हा शब्द दोन्ही बाजूंना बांधत नाही. बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी कॉलेजला लेखी प्रस्ताव देताच येत नाही. त्याआधी मुलाला जे मिळतं ते सगळं तोंडी.

आता मर्यादांचं बघू. वरच्या गटातल्या, म्हणजे आजच्या एफबीएसमधल्या कॉलेजला एकूण किती फुटबॉल शिष्यवृत्त्या देता येतील, यावर एनसीएएने, म्हणजे कॉलेज-खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, १९७३ साली १०५ चा आकडा घातला. १९७८ मध्ये तो ९५ झाला आणि १९९४ पर्यंत ८५ वर आला. पुढची तीस वर्षं सगळी भरती या ८५ भोवती फिरली. वर्षाला नवी मुलं जास्तीत जास्त २५ घ्यायची, अशीही अट बराच काळ होती. शिष्यवृत्त्या ८५ असल्या तरी संघात मात्र शंभर-सव्वाशे मुलं असत. वरची सगळी स्वखर्चाने शिकणारी, म्हणजे वॉक-ऑन.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली, म्हणजे खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएवर भरलेल्या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि हे गणित उलटं झालं. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांवर आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, मर्यादा संघातल्या मुलांवर आहे: १०५. आकडा १९७३ चाच, पण मोजायची वस्तू बदलली. कागदावर प्रत्येकाला शिष्यवृत्ती देता येते. प्रत्यक्षात कॉलेजला २०२५-२६ पासून खेळाडूंना थेट पैसेही देता येतात. त्याची वरची मर्यादा २०२५-२६ साठी सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली, आणि जुन्या मर्यादेच्या वर दिलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम याच खात्यातून वजा होते. म्हणून ‘आता १०५ शिष्यवृत्त्या आहेत’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. तुमच्या कॉलेजने किती द्यायच्या ठरवल्या आहेत, ते विचारा. ज्यांनी तडजोड स्वीकारली नाही, तिथे जुनेच आकडे चालू आहेत: एफबीएसला ८५, त्याखालच्या एफसीएस गटाला ६३. एफसीएसमध्ये या ६३ शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त ८५ मुलांत वाटून देता येतात, म्हणजे तिथे अर्धी किंवा पाव शिष्यवृत्ती ही नेहमीची गोष्ट आहे.

टंचाई कशाची आहे, यावर सगळं ठरतं. शिष्यवृत्त्यांची टंचाई कशी दिसते, ते दोन शिक्षांमधून नीट कळतं. २०१० साली एनसीएएने युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाला तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्यांची कपात लावली: वर्षाला नवी मुलं १५, एकूण ७५. जुलै २०१२ मध्ये पेन स्टेटला ६ कोटी डॉलरचा दंड झाला, वर्षाला १५ आणि एकूण ६५ अशी मर्यादा आली, आणि संघातल्या मुलांना ताबडतोब दुसरीकडे जायची मुभा मिळाली. त्या वेळचे पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनी स्वखर्चाने येणाऱ्या मुलांवर भर दिला आणि त्यांना वॉक-ऑनऐवजी ‘रन-ऑन’ म्हणायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१४ मध्ये शिक्षा सैल झाली आणि २०१५-१६ साठी शिष्यवृत्त्या पूर्ववत झाल्या. तोवर संघ उभा राहिला त्यात या मुलांचा मोठा वाटा होता.

यातून प्रशिक्षकाचा हात कसा चालतो ते दिसतं. वर्षाला १५ च मुलं घ्यायची असतील तर तो ‘दोन वर्षांनी तयार होईल’ असा मुलगा घेत नाही. एकच जागा खेळू शकणारा मुलगा मागे पडतो, दोन-तीन जागा खेळू शकणारा पुढे येतो. मात्र स्वखर्चाने येणाऱ्याला दार उघडं राहतं, कारण त्याला घेतल्याने कुठलाच आकडा वाढत नाही. आजची टंचाई याच्या नेमकी उलट आहे. आता संघातला प्रत्येक मुलगा मोजला जातो, शिष्यवृत्तीवाला असो की नसो. त्यामुळे १०५ च्या काठावर आधी हात जातो तो स्वखर्चाने आलेल्या मुलावर. दहा वर्षांपूर्वीचा अनुभव सांगून कुणी ‘आधी वॉक-ऑन म्हणून घुसू दे, मग मिळेल शिष्यवृत्ती’ असा सल्ला देत असेल, तर तो सल्ला जुन्या टंचाईचा आहे.

‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ या प्रस्तावाबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. यात शिष्यवृत्ती नसते, पण संघात जागा आहे असं सांगितलेलं असतं. १०५ ची मर्यादा पाळायची असते ती पहिल्या सामन्याच्या दिवशी. ऑगस्टच्या सुरुवातीला सराव शिबिर सुरू होतं, तेव्हा मैदानावर जास्त मुलं असू शकतात. पहिला सामना ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला. यादी कापली जाते ती मधल्या तीन-चार आठवड्यांत, आणि फीचा हप्ता, वसतिगृहाचा करार, जेवणाचा प्लॅन हे सगळं तोवर होऊन गेलेलं असतं. मुलगा दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात गेला असेल तर परराज्याची फी लागलेली असते, आणि इतर कॉलेजांतले प्रवेश तर मे महिन्यातच सोडून दिलेले असतात. २०२४-२५ च्या संघातून किंवा २०२५-२६ च्या भरतीतून या मर्यादेमुळे वगळलेल्या मुलांना न्यायालयाने सूट दिली आहे, त्यांना १०५ मध्ये मोजत नाहीत. आता हायस्कूलमधून निघणाऱ्या मुलाला ती सूट लागू नाही.

तेव्हा असा प्रस्ताव आला तर तीन गोष्टी आधी करा. प्रवेश फुटबॉलवर अवलंबून नाही ना, मुलगा निव्वळ मार्कांवर तिथे बसतो ना, हे प्रवेश कार्यालयाकडून समजून घ्या. फी परत मिळण्याचं वेळापत्रक कॉलेजच्या साइटवरून उतरवून घ्या: कुठल्या तारखेपर्यंत नाव काढलं तर किती टक्के परत, आणि वसतिगृहाचं काय. मग मुलाला समोर बसवून विचारा, फुटबॉल उद्या संपला तर या कॉलेजात, या विषयात, या फीमध्ये तू चार वर्षं राहशील का? उत्तर ‘नाही’ आलं तर तो प्रस्ताव घेऊ नका.

शिष्यवृत्तीच्या ऑफरचंही खरंखोटं तपासायचं असतं. भरतीतली माणसं एक प्रश्न नेमका विचारतात: “आज माझ्या मुलाने होकार दिला, तर तुम्ही तो आजच स्वीकाराल का?” पुष्कळ ऑफर अशा असतात की होकार देऊ म्हटलं की समोरून ‘जरा थांबा, उन्हाळ्यात आमच्या शिबिराला या’ असं उत्तर येतं. तसं झालं तर ती ऑफर म्हणजे नुसती ओळख ठेवलेली आहे, असं समजा. पुढचा प्रश्न जागांचा. कॉलेजच्या साइटवर संघाची यादी असते. तुमच्या मुलाच्या जागेवर कितीजण आहेत, त्यातले किती या वर्षी निघतील, हे स्वतः मोजा आणि मग प्रशिक्षकाला विचारा की त्या जागेवर हायस्कूलमधून किती घेणार आणि बदली पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून किती. १०५ चा संघ पाच वर्षांत फिरतो असं धरलं तरी वर्षाला जेमतेम २१ जागा रिकाम्या होतात. अनुभवी, अंगाने भरलेला बावीस वर्षांचा खेळाडू पोर्टलमधून मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलासाठी त्यातल्या सगळ्या राहत नाहीत.

सहीची वेळ म्हणूनच महत्त्वाची आहे. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हा मुलाला एका कॉलेजशी बांधणारा जुना कागद ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. आता आर्थिक मदतीच्या करारावरच सही होते आणि ती झाली की दुसरी कॉलेजं त्या मुलाशी संपर्क ठेवू शकत नाहीत. सहीचा पहिला काळ डिसेंबरच्या सुरुवातीचे तीन दिवस, दुसरा फेब्रुवारीत. मध्ये काय येतं बघा. २०२६ पासून पोर्टलचा एकच काळ ठेवला आहे, २ ते १६ जानेवारी. डिसेंबरमध्ये ज्याला ‘तुझा कागद फेब्रुवारीत करू’ असं सांगितलं, त्याची जागा जानेवारीत आलेल्या खेळाडूला जाऊ शकते. पुढे ढकलण्याची कारणं गोड शब्दांत येतात. कुणी ग्रेशर्ट सुचवतं, म्हणजे शिक्षण आणि शिष्यवृत्ती सप्टेंबरऐवजी पुढच्या जानेवारीपासून. ते मधले महिने मुलगा कुठे असेल, खर्च कोण करेल आणि जानेवारीतली जागा लेखी आहे का, याची उत्तरं मिळाल्याशिवाय हो म्हणू नका.

करार हाती आला की आधी मुदत वाचा. एका वर्षाचा आहे की चार वर्षांचा? शिष्यवृत्तीत फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ची, म्हणजे प्रवासासारख्या इतर खर्चाची रक्कम यातलं काय काय आहे? १ ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएच्या पहिल्या विभागातली (एफबीएस आणि एफसीएस दोन्ही त्यातच) कॉलेजं खेळ खालावला किंवा दुखापत झाली म्हणून ही मदत कापू शकत नाहीत. पण मुलाने स्वतःचं नाव पोर्टलमध्ये टाकलं, तर ते सत्र संपल्यावर मदत थांबू शकते. रागाच्या भरात, मोबाइलवरून कुणाला न विचारता टाकलेलं नाव महागात पडतं ते यामुळे. करासाठीही थोडे पैसे बाजूला ठेवा. शिष्यवृत्तीतला फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, राहण्या-जेवणाचा भाग मिळकत म्हणून धरला जातो. एप्रिलमध्ये अचानक हा हिशेब समोर आला की घरात गोंधळ उडतो.

आपल्या घरांसाठी एक वेगळा धोका आहे, आणि तो इथल्या प्रशिक्षकांच्या सहसा लक्षातच येत नाही. आई-वडील नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत, आणि मुलगा त्यांच्यावर अवलंबून असलेल्याच्या एच-४ व्हिसावर. एच-४ वरच्या मुलाला काम करायची परवानगी नसते. शिष्यवृत्ती म्हणजे नोकरी नव्हे, ती घेता येते. पण हल्ली प्रशिक्षक एकच आकडा सांगतात, आणि त्यात शिष्यवृत्ती, कॉलेजकडून थेट मिळणारा वाटा आणि नाव-छबीच्या मोबदल्याचे करार असं सगळं एकत्र असतं. तो आकडा फोडून लेखी मागा. शिष्यवृत्ती सोडून जे उरेल, त्यासाठी एक जाहिरात, एक ऑटोग्राफचा कार्यक्रम असं काहीतरी करावं लागणार असेल, तर ते मोबदल्याचं काम ठरू शकतं आणि व्हिसा अडचणीत येऊ शकतो. एफ-१ वर गेल्यानेही हा प्रश्न सुटत नाही, विद्यार्थी व्हिसावरही मोबदल्याच्या कामावर कडक बंधनं आहेत. कॉलेजचं कम्प्लायन्स कार्यालय एनसीएएचे नियम सांगेल, व्हिसाचे नाही. इमिग्रेशनच्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

शिवाय एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो, आणि तो वाढदिवस साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी येतो. एफ-१ वर बदल करायला महिने लागतात. बदल झाल्यावर काही राज्यांत मुलाची स्थानिक फी जाऊन परराज्याची फी लागते, आणि अर्धी शिष्यवृत्ती असेल तर उरलेल्या अर्ध्याचा भार एकदम वाढतो. एच-४ किंवा एफ-१ वरच्या मुलाला केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या फीवर चार वर्षांचा हिशेब मांडू नका.

मार्कांच्या बाबतीत आपली मुलं सहसा कमी पडत नाहीत, पण कागदांत अडकतात. पहिल्या विभागासाठी १६ मूळ विषय लागतात: इंग्रजीची ४ वर्षं, अल्जेब्रा १ पासून वरचं गणित ३, विज्ञान २, या तिन्हींपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रं २ आणि इतर ४. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे व्हावे लागतात, त्या दहांत ७ इंग्रजी-गणित-विज्ञानाचे, आणि त्या सातांचे मार्क नंतर सुधारता येत नाहीत. या मूळ विषयांचा जीपीए किमान २.३ लागतो. आपली मुलं अल्जेब्रा १ सातवी-आठवीतच करतात. तो विषय हायस्कूलच्या गुणपत्रकावर श्रेणी आणि क्रेडिटसह उतरला असेल तरच धरला जातो, म्हणून नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडून तपासून घ्या. महाराष्ट्रातून नववी-दहावी करून आलेल्या मुलांच्या त्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका लागतात, आणि मराठीत असतील तर प्रमाणित भाषांतरासह. इथे आल्यावर वय किंवा इंग्रजीमुळे मुलाला एक इयत्ता खाली बसवलं असेल, तर एनसीएएचं घड्याळ मूळ नववीपासूनच धावत असतं. हे बारावीत कळून उपयोग नसतो.

किकर, म्हणजे चेंडू पायाने मारणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी थोडं सविस्तर, कारण सॉकर खेळून फुटबॉलकडे वळलेली मुलं बहुधा याच जागेवर येतात. संघात किकर एक किंवा दोन. एक किकर चार वर्षं टिकला की ती जागा चार वर्षं बंद. म्हणून पहिली यादी कॉलेजच्या नावाने करू नका, ज्यांचा किकर तुमच्या मुलाच्या बारावीच्या हंगामात शेवटचं वर्ष खेळतो आहे अशा संघांची करा. दुसरं, हायस्कूलमध्ये फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून गुण मिळवायची किक, दोन इंचांच्या ठोकळ्यावरून मारता येते, कॉलेजमध्ये चेंडू थेट जमिनीवर असतो. ठोकळ्यावरून मारलेल्या किकचा व्हिडिओ पाठवला तर कॉलेजचा प्रशिक्षक त्यावरून काही ठरवू शकत नाही. चेंडूखालचं ते दोन इंचांचं अंतर गेलं की पाऊल चेंडूखाली नीट शिरत नाही, किक बुटकी निघते आणि समोरच्या हातांना लागते. दहावीनंतरच्या उन्हाळ्यापासून जमिनीवरून मारायचा सराव करा आणि तोच चित्रित करा. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, हायस्कूलमध्ये ४० यार्डांच्या रेषेवरून होतो, कॉलेजमध्ये ३५ वरून, म्हणजे गोल रेषेपर्यंत ६५ यार्ड. चेंडू हवेत चार सेकंदांच्या आसपास राहायला हवा. व्हिडिओ न कापता, सलग दहा किक, चुकलेल्यांसकट.

बाकीच्या जागांचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. सगळ्यात चांगले डाव पहिल्या मिनिटात, डाव सुरू होण्याआधी मुलाभोवती गोल, सुरुवातीला उंची, वजन, जर्सीचा आकडा, जीपीए आणि शाळेच्या प्रशिक्षकाचा फोन. गाणं नको.

आणि खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या विभागांकडे आपण पाहतच नाही, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. तिसऱ्या विभागात क्रीडा-शिष्यवृत्ती नाहीच. आयव्ही लीगमध्येही नाही, तिथे फक्त घरच्या परिस्थितीनुसार मदत मिळते, आणि त्यांनी हाउस तडजोडही स्वीकारली नाही. एफसीएसमधलीच पॅट्रियट लीग मात्र शिष्यवृत्ती देते. दुसऱ्या विभागात संघामागे ३६ पूर्ण शिष्यवृत्त्या, बहुतेक तुकड्यांत. ज्या मुलाचे मार्क उत्तम आहेत, त्याला तिसऱ्या विभागातलं कॉलेज मार्कांवर जी मदत देतं ती पाव क्रीडा-शिष्यवृत्तीपेक्षा मोठी असू शकते, आणि गुडघा दुखावला म्हणून ती जात नाही. आयव्हीत आणि न्यू इंग्लंडमधल्या विल्यम्स, अ‍ॅमहर्स्टसारख्या कॉलेजांत अकरावीनंतरच्या १ जुलैनंतर प्रशिक्षक मुलाची गुणपत्रकं प्रवेश कार्यालयाला आधी दाखवून घेतात, त्याला प्री-रीड म्हणतात. तोपर्यंत सॅट झालेली असायला हवी. पुढे बांधील स्वरूपाचा लवकरचा अर्ज करायला सांगतात, त्याआधी कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाऊन घरावर अंदाजे किती खर्च येईल ते तो दाखवतो) आपले आकडे घालून बघा.

पालकांना आणखी एक मनापासून सांगायचं आहे. मुलाने तोंडी होकार दिला की कॉलेजची टोपी घालून फोटो निघतात, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पूर येतो, पुण्या-नाशकात आजी-आजोबा पेढे वाटतात. नंतर प्रशिक्षक बदलला किंवा ऑफर मागे गेली, तरी मुलगा लाजेपोटी कुणाला सांगत नाही आणि दुसऱ्या कॉलेजांना फोन करायचे महत्त्वाचे आठवडे निघून जातात. सही होईपर्यंत बातमी घरातच ठेवा. त्या काळात दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या प्रशिक्षकांशी बोलणं चालू ठेवणं ही बेइमानी नाही, तेही तुमच्या मुलाच्या जागेसाठी दुसऱ्या मुलांशी बोलत असतात.

मंडळांच्या कार्यकारिणींना विनंती अशी. शिबिर १ एप्रिलच्या आत घ्या, कारण अकरावीतल्या मुलांच्या अधिकृत कॉलेजभेटी त्या तारखेपासून सुरू होतात आणि पहिले प्रश्न तिथेच विचारायचे असतात. वक्ते चार पुरेत: हायस्कूलचा समुपदेशक, जवळच्या कॉलेजच्या कम्प्लायन्स कार्यालयातली व्यक्ती, इमिग्रेशनचा वकील आणि नुकताच यातून गेलेला एखादा पालक. पैसे घेऊन ‘भरती करून देतो’ म्हणणाऱ्यांना व्यासपीठ देऊ नका. नववी-दहावीच्या मुलांच्या पालकांना आवर्जून बोलवा, मूळ विषयांचं नियोजन त्यांच्याच हातात असतं. आणि आई-वडील दोघांनाही बोलवा. मैदानावर बाबा जातात आणि करार, फी, व्हिसाचे कागद आई बघते अशी वाटणी पुष्कळ घरांत असते. अशा घरात प्रशिक्षकाने काय सांगितलं आणि कागदावर काय आहे, हे दोन्ही एकाच माणसाला माहीत नसतं.

आपले,
मराठी मुलांच्या कॉलेज फुटबॉल भरतीत मदत करणारे काही प्रशिक्षक आणि समुपदेशक